सहा महिन्यांचा नियम आणि एक चुकीचं वाक्य

सहा वर्षांपूर्वी आर्वीहून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकात माझा लेख छापून आला होता. कंबोडियातलं अंकोरवाटचं देऊळ पाहून आल्यावर मी तो लिहिला होता. लोकांना तो आवडला. आगाराच्या कॅन्टीनमध्ये मला तो दोनदा मोठ्याने वाचून दाखवावा लागला. त्यात सुरुवातीलाच एक वाक्य होतं: 'विमानतळ पाहूनच आमच्या सौभाग्यवती घाबरल्या आणि कोलकात्याहूनच माघारी फिरल्या.' या वाक्यावर सगळे हसायचे. ते वाक्य खोटं आहे.

यंदाच्या हिवाळ्यात मी पुन्हा तेच देऊळ पाहून आलो. या वेळी विमल, माझी पत्नी, बरोबर होती. तिथे काय पाहिलं ते सांगायचंच आहे, पण आधी पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो.

मी एसटीत होतो. आधी कंडक्टर, शेवटची वर्षं आर्वी आगारात कंट्रोलर. जन्मभर पास तपासले. पासाचा माझा नियम साधा होता: तारीख आहे तोवर पास जिवंत. शेवटच्या दिवशीही तो रात्री बारापर्यंत चालतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद असतो. रोहण्याच्या फाट्यावर एका कॉलेजच्या मुलीला मी एकदा याच कारणाने खाली उतरवलं होतं. पासाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. बस निघाल्यावर ती मागच्या काचेतून बराच वेळ दिसत होती.

पहिल्या प्रवासाच्या वेळी माझा पासपोर्ट नवा होता, विमलचा जुना. मुलगी मस्कतला होती तेव्हा तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून विमलचा आधी काढला होता. मला तेव्हा खात्याची परवानगी मिळाली नाही म्हणून माझा राहिला. पुढे मुलगीच बाळंतपणाला इकडे आली आणि विमलचा पासपोर्ट कपाटात कोराच पडून राहिला. आमची सहल ठरली तेव्हा त्याची मुदत संपायला पाच महिने होते. आर्वीत पल्लवी नावाची मुलगी सहलींची बुकिंग करते. तिने मला समोर बसवून सांगितलं, "काका, काकूंचा पासपोर्ट नवा करा लागते. तिथे उतरता त्या दिवसापासून पुढे सहा महिने शिल्लक पाह्यजे."

मी म्हणालो, "दहा दिवसांची सहल हाय बाई. पाच महिने कायले कमी पडतील?"

"काका, नियम हाय."

"पोरी, मी तुया जन्माआधीपासून पास तपासून राह्यलो. मले मुदत नको शिकवू."

हे प्रवासाच्या तीन आठवडे आधीचं. तिने एक छापील कागदही दिला होता. त्यात ती ओळ ठळक होती. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि घरी विमलला काहीच सांगितलं नाही.

आम्ही वर्ध्याहून रेल्वेने हावड्याला गेलो आणि तिथून विमानतळावर. बरोबर विमलची मोठी बहीण कुसुमअक्का आणि तिचे यजमान वामनराव, म्हणजे माझे साडू. सहल मुळात अक्काने ठरवली होती. दोघी बहिणींनी लग्नानंतर कधी चार दिवस एकत्र काढले नव्हते. अक्का आष्टीला दिली, विमल आर्वीला. अंतर थोडं, पण दोघींच्या संसारात सवड नव्हती. अक्का आणि वामनराव आधी सामान देऊन आत गेले. आम्ही दोघं रांगेत शेवटी होतो. खिडकीवरच्या मुलीने विमलचा पासपोर्ट उघडला, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "अंकल, आंटी नहीं जा सकतीं."

मी वाद घातला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग तिने कारण सांगितलं. तिथे गेल्यावर माणूस आजारी पडतो, अडकतो, विमानं बंद होतात. तरी परत यायला त्याच्या हातात चालू कागद हवा. हे सहा महिने परत येण्यासाठी असतात. तिच्याकडे पटण्याजोगं कारण होतं, आणि माझ्याकडे फक्त एसटीचा नियम.

विमलने पासपोर्ट घेतला, पदराने पुसल्यासारखा केला आणि पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "तुमी जा. अक्का वाट पाहून राह्यली असन."

मी गेलो. पल्लवीच्या ऑफिसचा कोलकात्याचा माणूस म्हणाला, मी काकूंना गाडीत बसवून देतो. एवढ्यावर माझं समाधान झालं. आत अक्काने विचारलं, "विमल कुठे हाय?" मी म्हणालो, "भेली. माघारी गेली." ते वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. अक्काने लगेच विमलला फोन लावला. मी तिच्या शेजारी उभा होतो.

"काऊन वो विमल, भेली म्हणे तू?"

विमल पलीकडे काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. अक्काने फोन ठेवला आणि म्हणाली, "हाव म्हंते. भेली म्हंते."

मी काय सांगितलं ते विमलला कळलं होतं, आणि तिने त्याला हाव म्हटलं होतं. त्यानंतर सहा वर्षं आम्ही दोघं याबद्दल एक अक्षर बोललो नाही. लग्नकार्यात, बारशात कोणी ना कोणी तिला म्हणायचंच, "काकू, इमान आलं, पळा." ती हसायची. दोन वर्षांनी अक्का गेली.

अक्काच्या वर्षश्राद्धानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी मी पेपर वाचत होतो. विमलने तो जुना पासपोर्ट माझ्यासमोर ठेवला. "हा नवा करून आणा. मले ते देऊळ पाहाचं हाय."

तयारी

या वेळी तारखा मी तपासल्या. वामनरावही येतो म्हणाले. त्यांचा पासपोर्ट मागवला, तर आम्ही तिथे उतरणार त्या दिवसापासून सहा महिने आणि नऊ दिवस शिल्लक होते. मी त्यांना नागपूरला पाठवून तोही नवा करायला लावला. पल्लवी म्हणाली की नऊ दिवस वर आहेत, चालते. मी म्हणालो, नाही.

वामनराव वैतागले. "कंट्रोलर, तुमी भलतेच. मागच्या टायमाले विमलबाई इमान पाहून भेल्या, आता तुमी तारीख पाहून भेऊन राह्यले. घरच भेकडांचं हाय तुमचं."

विमल तेव्हा संत्री सोलत होती. तिने फाकी वामनरावांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "खा. आंबिया बहाराची हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पण या प्रवासातून वामनरावांना खरं सांगितल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी मनात ठरवलं. अक्काला सांगायचं राहून गेलं होतं. आता तिच्या बाजूचं ऐकणारं एवढंच एक माणूस उरलं होतं.

सिएम रीप

मधे एक विमान बदलून आम्ही दुपारी सिएम रीपला उतरलो. विमानात विमल खिडकीशी होती. विमान जमीन सोडतं तेव्हा मी डोळे मिटतो, मागच्या वेळीही मिटले होते. उघडले तेव्हा तिचं कपाळ काचेला टेकलेलं होतं. खाली ढग होते. ती म्हणाली, "पिंजून ठेवलेल्या कापसावानी दिसते. पण कोणाचाच हात नाई लागला त्याले."

उतरल्यावर एक गंमत झाली. तिथे बोटांचे ठसे घेतात. विमलचे ठसे एका दमात उमटले. माझा अंगठा काही केल्या यंत्राला दिसेना. तिकिटं फाडून फाडून तो गुळगुळीत झाला असावा. अधिकाऱ्याने मला बाजूला उभं केलं. विमल पुढे जाऊन पलीकडच्या पिवळ्या रेषेपाशी थांबली. आमच्यात एक कठडा होता. मला कोलकात्याची खिडकी आठवली. फक्त बाजू बदलल्या होत्या. ती हलली नाही. मागची माणसं तिला वळसा घालून जात होती, एक शिपाई तिला पुढे व्हा म्हणून खुणावत होता. ती माझ्याकडे बोट दाखवून त्याला मराठीत सांगत होती, "ते माये हायत. ते आल्याशिवाय मी नाई जात." शेवटी अधिकाऱ्याने ओल्या फडक्याने माझा अंगठा पुसला आणि ठसा उमटला.

तो देश मला मागच्या वेळी परका वाटला होता. या वेळी विमलच्या नजरेने पाहिला. घरं खांबांवर उभी असतात, खाली म्हशी आणि झोपाळे. विमल म्हणाली, "हे तं वावरातले माळे हायत. हे लोक बाराही महिने राखणीवर." न्याहारीला तांदळाच्या ओल्या शेवया मिळतात, वर माशांचा रस्सा. मासे वगळून मागितल्यावर त्या बाईने शेवयांवर केळफूल, काकडी आणि कसलीशी पानं घातली. विमलने पिशवीतून लसणाचा ठेचा काढून वर घातला आणि एक बोटभर त्या बाईलाही दिला. बाईने चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने आणखी मागितला. मग आपल्या फडताळातून ताडाच्या गुळाचा एक खडा काढून विमलच्या हातावर ठेवला. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. शेवटी विमलने तिला वर्ध्याहून आणलेला गोरसपाक, आमच्याकडची तुपातली बिस्किटं, दिला आणि तिने तो लेकरासाठी पदरासारख्या फडक्यात बांधला.

देऊळ

बहुतेक लोक देवळावरचा सूर्योदय पाहायला जातात. आम्ही नाश्ता करून गेलो, कारण मागच्या वेळी मी लेखात सूर्योदयाचं अर्धं पान वर्णन केलं होतं आणि विमल म्हणाली, "ते मी वाचलं हाय. दुसरं दाखवा."

चहूबाजूंनी तलावाएवढा रुंद खंदक, त्यावर दगडी वाट. वाट संपत नाही. माणूस चालत राहतो आणि देऊळ तेवढंच दूर राहतं, आणि मग एकदम ते इतकं जवळ येतं की मान वर करावी लागते. पाच कळस. डावीकडच्या तळ्याशी विमल थांबली आणि म्हणाली, "तुमी लिवलं होतं, पाण्यात पाची कळस दिसतात." आम्ही वाकून पाहिलं. पाची होते. एक बेडूक उडी मारून गेला, पाची मोडले, आणि हळूहळू परत उभे राहिले. ती ते होईस्तोवर थांबली.

तेव्हा मला कळलं की माझा लेख तिला पाठ आहे. सगळ्यांनी तो एकदा ऐकला आणि हसले. तिने तो किती वेळा वाचला असेल देव जाणे. ज्या लेखात मी तिला भित्री ठरवलं होतं, त्याच लेखातून ती हे देऊळ सहा वर्षं पाहत होती.

आतल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर कोरीव काम आहे. लांबच लांब, माणसाच्या उंचीची भिंत, आणि बोटभर जागा रिकामी नाही. आमचा गाइड सोखा इंग्रजीत काही सांगू लागला. विमलने ऐकलं नाही. ती भिंतीजवळ गेली, दोन पावलं सरकली आणि म्हणाली, "भीष्म." खरंच, बाणांवर आडवा झालेला भीष्म होता. पुढे ती एकेक ओळखत गेली: हा अर्जुन, हा गाडा हाकणारा किसन. सोखा तिच्या मागे चालू लागला. पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन आहे. देव आणि दानव एकाच सापाला ओढत आहेत, रांग एवढी लांब की एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसत नाही. वामनराव सतत बोलणारा माणूस. तेही ओठांतल्या ओठांत दानव मोजत चालले होते.

विमलने हात जोडले नाहीत. ती नुसती पाहत होती. मग म्हणाली, "एवढ्या दूर हे कोणी सांगतलं असन यायले? कोणीतरी पायीच आलं असन ना आपल्या तिकडून, गोष्ट घेऊन."

मागच्या वेळी मी याच भिंतीसमोर फोटो काढून पुढे गेलो होतो.

सगळ्यांत आतला मजला फार उंच आहे. जुन्या दगडी पायऱ्या भिंतीसारख्या उभ्या, त्यावर आता कठडे लावून लाकडी जिना केला आहे. थोडी थोडी माणसं वर सोडतात. इथे आणखी एक कबुली. लेखात मी लिहिलं होतं की 'वर गेल्यावर चारही दिशांना अरण्य दिसते'. मी वर गेलोच नव्हतो. गुडघे धरले होते. अक्का वर गेली होती. ते अरण्य अक्काने पाहिलेलं आहे.

वामनराव जिन्याकडे पाहून म्हणाले, "विमलबाई, खालीच बसा. इमानाले भेणाऱ्याचं काम नाई हे."

विमलने चप्पल सारखी केली, निऱ्या वर खोचल्या आणि चढू लागली. सदुसष्ट वर्षांची बाई, एका हाताने कठडा धरून, मधे कुठे न थांबता. अर्ध्यावर एक तरुण परदेशी मुलगी जिन्यालाच मिठी मारून बसली होती. विमलने तिचा हात सोडवून आपल्या हातात घेतला आणि दोघी वर दिसेनाशा झाल्या.

मी आणि वामनराव सावलीत दगडावर बसलो. मी म्हणालो, "वामनराव, विमल त्या वेळी भेली नव्हती."

"म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. पल्लवीचा कागद, पाच महिने, खिडकीवरची मुलगी, मी आत येऊन काय म्हणालो ते. सांगताना मी पायऱ्यांकडे पाहत होतो. बोलून झाल्यावर त्यांच्याकडे पाहिलं. ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत होते.

ते म्हणाले, "कुसुमले पटलं नव्हतं."

"काय?"

"शेवटपर्यंत म्हणे, विमल भेली नसन. लहानपणी कोठ्यात साप निंघाला तं आमी सारे बाजेवर, अन् विमल काठी घेऊन खाली. ते कशाले भेते, म्हणे. मीच म्हणो, कंट्रोलर कायले खोटं बोलन." मग म्हणाले, "सहा वर्षं मी त्या बाईची मजा घेतली. तुमी शेजारी बसून ऐकत राह्यले."

मी हाव म्हणालो.

विमल खाली आली तेव्हा चेहरा उन्हाने लाल झाला होता. ती परदेशी मुलगीही मागोमाग उतरली आणि विमलच्या गळ्यात पडून गेली. वामनराव उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं तो प्रश्न सहा वर्षांत कोणीच विचारला नव्हता. मीही नाही.

"विमलबाई, हावड्याहून तुमी घरी कशा आल्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती दगडावर बसली आणि सांगू लागली, जसं कोणी कालच्या बाजाराचं सांगावं.

त्या माणसाने तिला टॅक्सीत बसवलं आणि तो निघून गेला. गाडीत बसवतो म्हणाला, तर गाडी म्हणजे टॅक्सी. हावड्याला ती उतरली. पाट्या बंगालीत, माणसांचा पूर. तिने वर्ध्याचं साधं तिकीट काढलं. कोणती गाडी हे तिने हमालाला, चहावाल्याला, पोलिसाला, तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघांचं उत्तर जुळलं तेव्हा चढली. बायकांच्या साध्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वीटभट्टीवरून गावी चाललेल्या छत्तीसगडच्या बाया होत्या. एकीने आपलं बोचकं सरकवून तिला त्यावर बसवलं.

"अन् फराळाची पिशवी तं मायापाशीच होती," विमल म्हणाली. "चौघायचा दहा दिवसांचा. सांबारवड्या, शेव, लाडू. सारा डब्बा जेवला. बिलासपूर येईस्तोवर पिशवी रिकामी."

माझ्या लेखात मी लिहिलं होतं, 'फराळाची पिशवी मागे राहिल्याने आमचे फार हाल झाले.'

"दुसऱ्या दिवशी वर्ध्याले उतरली. एसटी धरली. कंडक्टर यायच्या हाताखालचा होता. म्हणे, काकू, एकट्याच? साहेब कुठे? म्या म्हटलं, भेली ना मी."

वामनराव म्हणाले, "अन् भेव नाई वाटलं?"

"वाटलं तं. पण बसून राहून कोण नेणार होतं मले?"

भाषा न येणाऱ्या शहरातून ती वर्ध्यापर्यंत आली होती, आणि त्या वेळी मी विमानात डोळे मिटून होतो. समोर जगातलं एवढं मोठं देऊळ उभं होतं. मी त्याच्याकडे पाठ करून तिच्याकडे पाहत बसलो. मी म्हणालो, "मी चुकलो."

ती म्हणाली, "मालूम हाय. चला, भूक लागली." मग चालता चालता म्हणाली, "वर अरण्य दिसते हे बराबर लिवलं तुमी. पण अक्काने सांगतलं असन. तुमचे गुडघे इथवरचेच."

आर्वी

परत येऊन दोन महिने झाले. त्या दिवाळी अंकाच्या संपादकांना मी कळवलं आहे की दुरुस्ती छापा. ती अशी:

'माझ्या मागील लेखातील पत्नी घाबरून परत फिरल्याचे वाक्य खोटे आहे. तिच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली होती. हे मला तीन आठवडे आधी सांगण्यात आले होते. मी ऐकले नाही. तिला कोलकात्यास सोडून मी पुढे गेलो. ती एकटी घरी आली.'

पाठवण्याआधी मी ते विमलला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"'एकटी' नोका लिहू," ती म्हणाली. "त्या डब्ब्यात लय बाया होत्या."